तुम्ही विचारलंत म्हणून : ‘तुला माहीतच आहे की…’

“बाई, तुम्ही अजून पोस्टकार्डं लिहिता. वाढदिवसाला लिहिता, बारशाला लिहिता, माझा मुलगा बारावीत नापास झाला तेव्हाही तुमचं कार्ड आलं होतं. मग पत्रांतून लिहिलेली कादंबरी म्हटली की तुमच्या कपाळाला आठ्या का पडतात?”

हा प्रश्न जुन्या विद्यार्थिनी विचारतात, सून विचारते, आणि आमच्या वाचनकट्ट्यावर तर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच. आजवर ‘नाही आवडत बाई, सोडा’ म्हणून वेळ मारून नेली. मागच्या महिन्यात मात्र पळवाट उरली नाही, कारण कट्ट्यावर लावलेली कादंबरी मी ११२व्या पानावर मिटली ती मिटलीच. कट्टा भरतो गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. मी येते नाशिकरोडहून, बस बदलून. जाण्यायेण्यातच जीव जातो. एवढा प्रवास करून पुस्तक न संपवता जायचं म्हणजे गृहपाठ न करता वर्गात जाण्यासारखं. ३१ वर्षं दुसऱ्यांना त्याबद्दल उभं केलं, आता मीच उभी राहिले.

कादंबरीचं नाव सांगत नाही. लेखक हयात आहेत, आणि माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. गोष्ट अशी, की एक निवृत्त अधिकारी अमेरिकेतल्या आपल्या मुलीला पत्रं लिहितो. सगळी कादंबरी म्हणजे ही पत्रं. माणूस बायको गेल्यावर एकटा पडलेला, मुलीशी अबोला, तो अबोला पत्रांतून हळूहळू सुटत जातो. ऐकायला किती चांगलं आहे! मीही आशेनं हातात घेतली. आणि तिसऱ्याच पानावर बाप मुलीला लिहितो, ‘तुझी आई, साताऱ्याच्या एका नामांकित वकिलांची धाकटी कन्या, माझ्या आयुष्यात आली ती पानशेतच्या पुरानंतरच्या वर्षी.’

अहो, ती तिची आई आहे! साताऱ्याचं आजोळ तिनं दर मे महिन्यात तुडवलं असणार. वकील आजोबांच्या मांडीवर ती खेळली असणार. कुठला बाप आपल्या लेकीला तिच्या आजोबांचा व्यवसाय कळवतो? हे वाक्य तिच्यासाठी लिहिलेलंच नाही. ते माझ्यासाठी आहे. आणि मी तर त्या पत्राच्या पाकिटावर कुठेच नाही.

एकदा हे दिसलं की मग दिसतच राहतं. डोळ्यात कुसळ गेल्यासारखं. पुढे बाप लिहितो, ‘तुला आठवतच असेल, आपल्या घराला तीन खोल्या होत्या.’ मग त्या तीन खोल्यांचं वर्णन दोन पानं. मग, ‘त्या दिवशी तू जे म्हणालीस ते शब्द न् शब्द मी इथे लिहितो’, आणि मुलीनंच उच्चारलेली वाक्यं मुलीलाच, अवतरणचिन्हांसकट, अश्रू कुठल्या वाक्यावर आले त्यासह. ११२व्या पानावर त्यानं तिला तिच्या लग्नाची तारीख सांगितली. तिथे मी चष्मा काढला.

आता माझी ही चीड कुठून येते ते सांगते. मी नाशिकमधल्या एका शाळेत मराठी शिकवलं. पत्रलेखनाचे किती कागद तपासले असतील याचा हिशेब करत नाही, रात्री झोप लागणार नाही. विषय ठरलेले. मित्राला वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालं, त्याचं अभिनंदन करा. मैत्रिणीला सुट्टीत गावी बोलवा. पत्ता अ. ब. क., लिहिणारा अ. ब. क., मित्र क्ष. य. झ. आणि मायना संपला रे संपला की पहिलं वाक्य, ‘तुला माहीतच आहे की आपल्या शाळेत दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा होते.’ माहीतच आहे तर सांगतोस कशाला? मी समासात लाल शाईनं लिहायचे, ‘माहीत असल्यास लिहू नये.’ मुलं हसायची आणि पुढच्या चाचणीत पुन्हा तेच.

दोष मुलांचा नव्हता. परीक्षेतलं पत्र जातं एकाच्या नावानं आणि वाचतं दुसरंच कुणी. मित्राला काही कळवायचं नाहीये, बाईंना मात्र सगळं कळलं पाहिजे, नाहीतर गुण जातील. म्हणून बिचारा मुलगा मित्राच्या खांद्यावरून बाईंकडे बघत लिहितो. त्या कादंबरीतला बाप तेच करत होता. तो मुलीला पत्र लिहीत नव्हता, पेपर सोडवत होता.

एकदाच मला या ढिगात खरं पत्र सापडलं. नववीचा वर्ग, प्रश्न होता ‘सहलीला जाण्याची परवानगी मागणारे पत्र वडिलांना लिहा.’ एका मुलाचे वडील पिंपळगावहून कांद्याचे ट्रक घेऊन उत्तरेकडे जायचे, महिन्यातून चार दिवस घरी. त्यानं लिहिलं होतं, ‘पप्पा, सहल आहे. तीनशे रुपये. मम्मी म्हणते तुम्हाला विचार. तुम्ही म्हणाल मम्मीला विचार. म्हणून लिहून ठेवतो.’ संपलं पत्र. सहल कुठे, कधी, शैक्षणिक महत्त्व काय, काही नाही. मी त्याला पाचपैकी दोन दिले. तारीख नव्हती, मायना नव्हता, समारोप नव्हता. नियमाप्रमाणे दोनही जास्तच होते. पण ते चार-पाच ओळींचं घर मला अजून दिसतं, आणि ते दोन गुण अजून टोचतात.

गंमत म्हणजे पत्रात्मक कादंबरीला नावारूपाला आणणाऱ्या पुस्तकाचा उगमही असाच पत्रलेखनाच्या गाइडात आहे. हे मला पुष्कळ उशिरा कळलं आणि कळल्यावर मी एकटीच हसत बसले. सॅम्युअल रिचर्डसन हा लंडनचा छापखानेवाला. वयाची पन्नाशी गाठेपर्यंत त्यानं कादंबरी वगैरे काही लिहिली नव्हती. दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याला सांगितलं, की खेड्यापाड्यातल्या, लिहिण्याची सवय नसलेल्या लोकांसाठी नमुन्याच्या पत्रांचं पुस्तक करून दे. म्हणजे आपलं ‘आदर्श पत्रलेखन’च की! ते लिहिताना एका ठिकाणी त्याला नोकरीला असलेल्या मुलीच्या बापाचं पत्र रचावं लागलं. मालकाची नजर वाईट आहे, तर मुलीनं काय करावं? तिथून त्याला गोष्ट सुचली, आणि १७४० साली ‘पामेला’ आली. नमुन्याची पत्रं त्याच्या पुढच्या वर्षी. लहानपणी म्हणे तो गल्लीतल्या मुलींना त्यांच्या प्रियकरांची उत्तरं लिहून द्यायचा, तेराव्या वर्षी. दुसऱ्याच्या नावानं लिहिण्याचा हात असा आधीपासून बसलेला.

पामेला ही मोलकरीण इतकं लिहिते, इतकं लिहिते, की तिला कोंडून ठेवलं तरी कागद-शाई लपवून लिहीतच राहते. हेन्री फील्डिंगनं पुढच्याच वर्षी तिची टर उडवणारं एक चोपडं काढलं. त्यातली नायिका अंथरुणात पडल्या पडल्या लिहिते, की मालक आता दारातून आत येतोय, ऐकू येतंय मला. आणि वर पुस्ती जोडते, की बघा, मी वर्तमानकाळात लिहितेय! म्हणजे माझ्या कपाळावरच्या या आठ्या २८० वर्षांहून जुन्या आहेत. कट्ट्यावर हे सांगितलं तेव्हा मला जरा बरं वाटलं.

पण रिचर्डसनला एक श्रेय दिलंच पाहिजे. पामेला ती पत्रं कपड्यांत शिवून अंगावर वागवते. मालक ती बळकावतो, वाचतो, आणि वाचून त्याचं मन पालटू लागतं. तिथे पत्र म्हणजे नुसती गोष्ट सांगायची नळी नाही. ते लपवता येतं, सापडतं, कुणाच्या तरी हाती पडून उलथापालथ करतं. माझा पत्राला विरोध नाही हो. पत्रानं पत्र असावं, एवढंच.

ते नसलं की लेखकाची किती ओढाताण होते बघा. जर्मन लेखक ग्योथेच्या कादंबरीतला वेर्थर मित्राला पत्रं लिहितो, मित्राची उत्तरं आपल्याला एकदाही दिसत नाहीत. शेवटी वेर्थर स्वतःला गोळी मारून घेणार. आता मेलेला माणूस पत्र कसं लिहिणार? मग अचानक एक ‘संपादक’ पुढे येतो आणि उरलेली गोष्ट सरळ सांगून टाकतो. बाबा रे, तुला सांगता येत होती तर आधीच का नाही आलास? ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तर उत्तर ध्रुवाच्या बाजूला बर्फात अडकलेला एक दर्यावर्दी इंग्लंडमधल्या बहिणीला पत्र लिहितो, त्या पत्रात एका शास्त्रज्ञानं सांगितलेली अख्खी जीवनकहाणी, त्या कहाणीत त्यानं घडवलेल्या प्राण्यानं सांगितलेली आणखी एक कहाणी. पुस्तक थोर आहे, मी दोनदा वाचलं. पण मला सारखी ती बहीण दिसत राहिली. भाऊ जिवंत आहे की नाही एवढंच तिला हवं असणार, आणि टपालातून येतंय हे!

‘ड्रॅक्युला’ मात्र मला आवडते, याचं सुनेला फार आश्चर्य वाटलं. त्यातही सगळे कागदच आहेत. डायऱ्या, पत्रं, तारा. पण ते कागद माणसं एकमेकांना वाचायला देतात, मीना ते सगळे टंकलेखन यंत्रावर उतरवून काढते, खलनायक येऊन ती प्रत जाळतो आणि तिजोरीत दुसरी प्रत असते म्हणून डाव वाचतो. कोणता कागद कुणी, कधी, का लिहिला याला त्या गोष्टीत किंमत आहे. जुन्या मायन्यानंतर आपण ‘पत्रास कारण की’ लिहायचो ना, तसं तिथे पत्रास कारण आहे. आमच्या कट्ट्यावरच्या कादंबरीत पत्रास कारण एकच, की लेखकाला कादंबरी लिहायची होती.

आता खऱ्या पत्रांकडे येते. यात मी जरा रेंगाळणार आहे, घाई असेल त्यांनी उठावं.

माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. इथे नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुरतं, पण बाहेरच्यांसाठी सांगते (बघा, मलाही सांगावं लागतंच): इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२५ साली सुरू झालेली. त्याआधी आपली टपालाची तिकिटं लंडनहून छापून यायची, नंतर ती इथे छापली जाऊ लागली. देशभरातल्या पत्रांवरची तिकिटं आमच्या गल्लीतल्या माणसांच्या हाताखालून जायची. नातेवाइकांना वाटायचं, यांच्या घरी तिकिटं फुकट. उलट गेटवर रोज झडती. आमच्या घरी तिकीट संपलेलं असायचं आणि मला पोस्टात पिटाळलं जायचं.

आलेली पत्रं आई तारेत ओवायची. स्वयंपाकघराच्या दारामागे एक जाड तार लोंबायची, खाली लाकडी चकती, वर आकडा. पत्र वाचून झालं की आरपार खुपसायचं. प्रत्येक पत्राच्या पोटात भोक, आणि ते नेमकं एखाद्या महत्त्वाच्या शब्दावर. तार भरली की पत्रं उतरवून ट्रंकेत, पुन्हा रिकामी तार दाराआड. आई गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. निवृत्त झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी ती उघडली आणि दोन महिने पत्रं लावत बसले, तारखेप्रमाणे, माणसांप्रमाणे. मनात होतं, आईची गोष्ट सापडेल.

काय सापडलं? ‘इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवत जावे.’ ‘पैसे पावले.’ ‘त्या कामाचे काय झाले ते कळवणे.’ कुठल्या कामाचं? ‘तिकडे जे बोलणे झाले त्याप्रमाणे केले आहे.’ काय बोलणं, काय केलं? ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.’ त्या लहानांत मी होते, एवढाच माझा त्या पत्रव्यवहाराशी संबंध. शेकडो पत्रं, आणि एकाही पत्रात आईचं नाव काय, तिचं माहेर कुठलं, आमच्या घराला खोल्या किती, हे नाही. कशाला असेल? लिहिणाऱ्याला माहीत, वाचणारीला माहीत. पत्रात फक्त त्या दोघांना माहीत नसलेलं तेवढं येतं, आणि तेही जपून. बाकी सगळं पत्राच्या बाहेर राहतं. तीच तर दोघांमधली जवळीक.

जपून यासाठी, की पोस्टकार्ड उघडं. १८७९ साली आपल्याकडे पोस्टकार्ड सुरू झालं, पाव आण्याला. स्वस्त होतं म्हणून सगळ्यांचं झालं, आणि उघडं होतं म्हणून सगळ्यांनी झाकून लिहायची विद्या शिकून घेतली. पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, सासरे आधी वाचून मग सुनेला देणार. म्हणून ‘ती गोष्ट’, ‘ते काम’, ‘मागे लिहिलेली व्यक्ती’. सगळ्यात मोठी बातमी तर शब्दांत नसायचीच. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की वाचायच्या आधीच घरात रडू फुटायचं. लग्नपत्रिकेला चार कोपऱ्यांना हळदकुंकू, आणि मरणाच्या कार्डाला एक कोपरा कमी. आंतर्देशीय पत्र आलं तेव्हा जरा आडोसा मिळाला, पण सवय गेली नाही. मावशी तर आंतर्देशीयावर सगळ्या घड्या भरल्यावर कडेच्या समासात उभं लिहायची, डिंकाच्या पट्टीपर्यंत. आणि खरी बातमी नेहमी ता. क. मध्ये. पहिल्या दोन घड्या पापड, पाऊस, परीक्षा, आणि शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात जे लिहायला पत्र घेतलं ते.

या झाकून लिहिण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पानिपतानंतर उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत जे सावकारी पत्र हाती लागलं ते शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकलंय: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती कोण हे पेशव्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. एक पोटचा पोर, एक चुलतभाऊ. आमच्या कादंबरीतल्या बापानं लिहिलं असतं तर, ‘तुम्हाला माहीतच आहे की तुमचे थोरले चिरंजीव विश्वासराव…’

आणि आनंदवल्ली तर आमच्या नाशिकातच. गंगापूर रोडला कट्ट्याला जाताना तिथलं नाव वाचलं की मला दर वेळी तेच आठवतं. राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून पडलेलं ते नाव. ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, १७७३च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव गेला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इतिहासकार त्याला भक्कम पुरावा मानत नाहीत आणि आनंदीबाईंवर तो अन्यायही असेल. पण गोष्ट म्हणून बघा ना! एका चिठ्ठीतलं एक अक्षर. अख्खी कादंबरी त्या एका अक्षरावर उभी राहते. चिठ्ठीत बाकी काय होतं कुणालाही ठाऊक नाही आणि कुणी विचारतही नाही.

कट्ट्यावर माझं हे ऐकून घेतलं, पण पटवून कुणी घेतलं नाही. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते माझ्याशी भांडायलाच येतात असा माझा संशय आहे. ते म्हणाले, “बाई, नाटकात माणूस एकटा उभा राहून मोठ्यानं बोलतो, ते तुम्हाला चालतं. तात्यासाहेब शिरवाडकरांच्या गावात राहून स्वगताला नावं ठेवणार का? मग पत्रालाही द्या की तेवढी सवलत!” मुद्दा वजनदार होता. मी बसमध्ये तासभर त्यावर विचार केला. (घरी पोचल्यावर उत्तर सुचायचं, हा शिक्षकांचा जुना रोग.) स्वगत कुणालाच उद्देशून नसतं, म्हणून ते खोटं पडत नाही. नट आपला आपल्याशी बोलतो आणि आपण चोरून ऐकतो, हा करार दोघांना मान्य. पत्र मात्र म्हणतं, की मी अमक्याला लिहिलंय. एकदा हे म्हटलं की तो अमका खरा असला पाहिजे. त्याला काय माहीत आहे, काय नाही, काय सांगितलं तर त्याला लागेल, हे लिहिणाऱ्याच्या हाताला कळलं पाहिजे. मुलगी जर नुसती खुंटी असेल, बापानं आपला कोट टांगायला, तर सरळ स्वगत लिहा. माझी काही हरकत नाही.

दुसरा वार एका तरुण मुलीनं केला, आणि तो जास्त खोल गेला. ती म्हणाली, “‘श्यामची आई’ तुमची लाडकी. त्यातही श्यामला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे संवाद जसेच्या तसे आठवतात. ते कसं चालतं?”

‘श्यामची आई’ १९३३ साली आमच्या नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, त्यामुळे तिच्याबद्दल इथे कुणी वाकडं बोललं की मला आपल्या घरातल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं होतं. तरी शांतपणे सांगितलं, की ती लिहिलेली असली तरी सांगितलेली आहे. रोज रात्री, समोर मित्र बसलेत. सांगणाऱ्याला समोरच्याचे चेहरे दिसतात. डोळ्यांत पाणी आलं की तो वाढवतो, जांभई आली की आटपतो. त्या मुलांना श्यामचं गाव माहीत नाही, आई माहीत नाही. म्हणून घर, नदी, बोंडू, पत्रावळी, सगळं सांगण्याला अर्थ आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगणं म्हणजे गोष्ट. आणि आपल्या जुन्या गद्यातही हेच आहे. सभासदानं शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिलं ते जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. म्हणजे वडिलांची हकिगत मुलालाच सांगतोय. पण वडील गेले तेव्हा राजाराम होता दहा वर्षांचा. त्याला खरंच ठाऊक नव्हतं आणि त्यानं विचारलं. विचारलं म्हणून सांगितलं, तर किती का लांब असेना!

“पण शब्द न् शब्द आठवण्याचं काय?” ती म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. आईचे शब्द आठवतात, एवढंच म्हणाले. ती गप्प बसली, पण पटलं म्हणून नव्हे, माझं वय बघून.

मग कुणीतरी चहा आणला, काकांनी पुढच्या महिन्यासाठी प्रवासवर्णन सुचवलं, आणि विषय मिटला. माझ्या डोक्यात मात्र मिटला नाही, कारण ट्रंकेतलं एक पत्र मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

१९७४ सालचं, सोलापूरच्या मावशीचं, आंतर्देशीय. ‘ति. सौ. ताईस सा. न. वि. वि.’ पासून ज्वारीच्या भावापर्यंत सगळं नेहमीचं. आणि कडेच्या समासात उभं, ‘ता. क. त्या गोष्टीचे मनाला लावून घेऊ नकोस. ह्यांना काही कळू दिले नाही. तू निर्णय केलास तो बरोबरच.’ ‘निर्णय’च्या ‘र्ण’वर तारेचं भोक. त्या वर्षी मी चौदा वर्षांची होते. आई एकाएकी दहा दिवस सोलापूरला गेली होती, मावशीला बरं नाही म्हणून. आम्ही भावंडं आणि वडील पिठलं-भात खाऊन राहिलो. परत आल्यावर आई काही दिवस फार गप्प होती, एवढं मला आठवतं. पण हे खरंच आठवतं, की पत्र वाचल्यावर मी मनानं रचलं, हेही आता सांगता येणार नाही.

त्या दीड ओळीवर मी कितीतरी दुपारी घालवल्या. कधी पैशांचं असेल वाटायचं, कधी आजोळच्या वाटणीचं, कधी नको ते वाटायचं आणि मी उठून भांडी घासायला लागायचे. ११२ पानं वाचून त्या बापाबद्दल मला एवढं वाटलं नाही जेवढं या ‘त्या गोष्टी’बद्दल वाटतं.

मावशी आता चौऱ्याऐंशीची आहे. कान गेलेत, फोनवर नुसतं ‘हां, हां, जेवलीस का’ होतं. डोळे शाबूत आहेत. कट्ट्यावरून आले त्याच रात्री मी कार्ड घेतलं आणि तिला लिहिलं. आयुष्यभर ज्यासाठी मुलांचे गुण कापले ते सगळं त्यात केलं. ‘मावशी, तुला आठवतच असेल, १९७४ साली आई तुझ्याकडे दहा दिवस आली होती…’ तारीख दिली, संदर्भ दिला, पत्रातली ओळ उतरवली, काय झालं होतं ते सविस्तर कळव म्हणून लिहिलं. पेटीत टाकल्यावर वाटलं, उघड्या कार्डावर हे लिहायला नको होतं.

उत्तर बाराव्या दिवशी आलं. अक्षर थरथरतंय, पण ओळी सरळ.

‘चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद. पत्र पावले. तू विचारलेस ते समजले. पाऊस बरा आहे. ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घाल, कागदाला कसर लागते. गुडघ्यास तेल लावत जा. लोभ आहेच. ता. क. ताईचे पत्र माझ्याकडेही एक होते, ते मी तेव्हाच चुलीत घातले.’

तार अजून आहे, दारामागे. तिच्यात ओवताना कार्डाला भोक पडतं ते कुठल्या शब्दावर पडेल, हे यावेळी मी नीट बघून घेतलं.